ळ चे डोळे

पत्रा कापताना आधी आतलं कापायचं, मग बाहेरचं.
हे आबांनी शिकवलं शाहूपुरीतल्या अडतीत,
गुळाच्या रव्यांच्या थप्पीमागे बसून. मी सात वर्षांची.
व ला पोट आहे, म्हणाले, क ला गाठ आहे,
पण ळ ला दोन डोळे.
डोळ्याभोवती पुरतं फिरलीस तर डोळा खाली पडतो,
मग पोत्यावर नुसता काळा गोळा उमटतो,
आणि गूळ कुणाचा ते गूळही सांगत नाही.
म्हणून प्रत्येक डोळ्याला एक पूल ठेवायचा,
मुंगी चालेल एवढा.

आता पोती मार्का छापूनच येतात.
आबांचे पत्रे माझ्या टेबलाखाली आहेत,
शाईनं जाड झालेले, घासलेटलाही दाद न देणारे.
मी त्यांच्याखाली कागद धरते.
हातकागद, त्यावर खळीनं डकवलेली वहीची पानं,
त्यावर कधी सुभाषनगरातून आणलेली कातड्याची पट्टी,
चपलेसाठी टोच्यानं भोकं पाडलेली. तीही स्टेन्सिलच.
शाईचे तीन थर.
एक थर वाळायला रंकाळ्याची एक फेरी,
पावसाळी हवा असली तर दोन, आणि वर कणीस.

मग भुकट्या.
गेरू, पिवडी, नीळ.
उद्यमनगरातल्या फौंड्रीतून मागून आणलेलं ग्राफाइट,
ते बोटाला लागलं की बोट परक्याचं वाटतं.
जोतिबाहून आल्यावर ओढणीतून झटकलेला गुलाल,
एका डबीत, वर्षभर पुरवून पुरवून.
अभ्रक मात्र विकत घेते. ते उघडताना मी श्वास घेत नाही.

श्रावणात मगदूमांची नात आली, सुनेत्रा.
दुकान मोडलं, म्हणाली, भिंतीवर लावायला आजोबांचा मार्का हवा,
जुनाच, पण जरा वेगळा करून द्या.
सोबत रोजमेळाची वही, वाळवीनं चाखलेली.
पानं सोडवताना एका ओळीवर हात थांबला:
आण्णाप्पा रंगारी, पत्रा कापणावळ, रु. ७, देणे.
पुढे काही नाही. पुढचं पान एरंडेलाचं.

त्या ओळीवर मी चिकटपट्टी लावली.
वरून निळा, वरून गेरू,
वरून आबांचाच पत्रा: मगदूम, गूळ, कोल्हापूर.
ळ चा डावा पूल कधीचा तुटलेला.
मी तो तसाच ठेवला, डोळा बुजू दिला.

आबा आले. एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा त्याच वाटेवर.
कागदाला नाक लावलं, बोट फिरवलं,
बोट बरोबर त्या ळ वर अडलं.
"आंधळा केलास ह्याला."
आणि शिंकले.
अभ्रक उघडंच होतं.
आबांच्या मिशीवर, मगदूमांच्या नावावर, माझ्या चहात,
सगळीकडे बारीक बारीक उजेड.
मी ओरडणार होते. ते हसत होते, म्हणून राहिलं.

पट्टी काढली. ती एकच ओळ कोरी, पिवळी, जशीच्या तशी.
संध्याकाळी बिल लिहायला बसले:
कागद, शाई, भुकटी, मजुरी,
आणि खाली, मागील बाकी, रुपये ७.
आबांना वाचून दाखवलं.

ते बराच वेळ मिशी पुसत राहिले.
"दिलं होतं की त्यांनी," म्हणाले,
"अर्धा रवा. तुझ्या बारशाला.
पैसे नव्हते गल्ल्यात, गूळ होता.
लिहायचं राहिलं असेल."

मी सातावर रेघ मारली.
शाई ओली होती, पसरली,
सात कुठे गेला कळेना, नुसता काळा गोळा.
बिल तसंच दिलं.
सुनेत्रानं विचारलं, हे काय?
म्हटलं, गूळ.